जामीन, समाजकार्य आणि संशोधनाचा पुरावा

न्यायालयाने जामीन मंजूर केला म्हणजे आरोपी त्याच दिवशी घरी जातो, असा सर्वसाधारण समज आहे. कारागृहाच्या कामकाजाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना वस्तुस्थिती वेगळी असल्याचे ठाऊक असते. जामिनाचा हुकूम झाला, परंतु जामीनदार मिळाला नाही. जामीनदार मिळाला, परंतु त्याच्याजवळ ऐपतीचा दाखला नाही. दाखला काढावयाचा तर तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात आणि खेटे घालणारे माणूसच घरात नाही. या साखळीत अडकलेला मनुष्य सुटकेचा हुकूम होऊनही आतच राहतो. त्याच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झालेला नसतो. पुष्कळदा तो आरोपही किरकोळ चोरीचा किंवा हाणामारीचा असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत एकूण ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा ७५.८, हे न्यायाधीन बंदी होते; व्यवहारात आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते. हे सर्वच जामीनदाराअभावी आत होते असे मुळीच नव्हे. कित्येकांवर गंभीर आरोप असतात, कित्येकांचे जामीनअर्ज न्यायालयाने विचारपूर्वक फेटाळलेले असतात. परंतु या मोठ्या संख्येत असाही एक वर्ग आहे की ज्याला कायदा बाहेर सोडावयास तयार आहे आणि केवळ दारिद्र्य त्याला सोडू देत नाही. त्याची रोजी बुडते, खोलीचे भाडे थकते, मुलांची शाळा सुटते. शिवाय आत बसून स्वतःच्या बचावासाठी साक्षीदार शोधणे त्याला जवळजवळ अशक्य होते. ही शेवटची बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे तिचा पुन्हा उल्लेख करावा लागणार आहे.

अशा ठिकाणी समाजकार्यकर्त्याने करावयाचे तरी काय? दया दाखवावी, कळवळून विनंती करावी, हे स्वाभाविक आहे. परंतु न्यायासनासमोरील मुख्य प्रश्न दयेचा नसतो. हा मनुष्य सोडला तर ठरलेल्या तारखेला परत येईल काय, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर ज्याच्याजवळ असेल त्याचे म्हणणे न्यायालय ऐकते. आणि असे उत्तर मिळविण्याची रीत गेल्या साठ वर्षांत प्रत्यक्ष प्रयोगांतून सिद्ध झालेली आहे. गुन्हेगारी न्यायव्यवस्थेतील समाजकार्याला संशोधनाचा आधार मिळाल्याने काय घडू शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

न्यूयॉर्कमधील प्रयोग

१९६० साली न्यूयॉर्क येथील लुई श्वाइट्झर या उद्योगपतीच्या असे लक्षात आले की, शहरातील बंदिगृहात पुष्कळ तरुण मुले केवळ जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून महिनोन्महिने खटल्याची वाट पाहत पडून आहेत. श्वाइट्झर हे शिक्षणाने रसायन अभियंता. कायद्याशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी आपल्या आईच्या नावे ‘व्हेरा’ नावाची संस्था स्थापन केली आणि हर्बर्ट स्टर्झ या तरुण पत्रकारावर तिचे काम सोपविले. जामिनाची रक्कम भरण्यासाठी एखादा निधी उभारावा, ही पहिली कल्पना सहज सुचण्याजोगी होती. ती बाजूला ठेवण्यात आली. निधी संपला की प्रश्न जागच्या जागीच राहणार होता, आणि पैशानेच मनुष्य परत येतो हे मूळ गृहीत तसेच कायम राहणार होते.

त्या गृहीताचीच परीक्षा घेण्याचे ठरले. ऑक्टोबर १९६१ मध्ये ‘मॅनहॅटन जामीन प्रकल्प’ या नावाने काम सुरू झाले. न्यूयॉर्क विद्यापीठातील कायद्याचे विद्यार्थी, आरोपीला न्यायाधीशापुढे उभे करण्यापूर्वी, कोठडीत जाऊन त्याला भेटत. प्रश्न अगदी साधे असत. या शहरात किती दिवसांपासून राहता? सध्याच्या पत्त्यावर किती दिवस झाले? घरी कोण आहे? कोणाला पोसता? काम कोठे करता आणि किती काळापासून? पूर्वी शिक्षा झाली आहे काय? प्रत्येक उत्तराला ठरावीक गुण दिलेले होते. आरोपीने सांगितलेली माहिती कोणत्याही एका नातेवाइकाकडून, मालकाकडून किंवा शेजाऱ्याकडून दूरध्वनीवर पडताळून घेतली जाई. ठरलेले किमान गुण मिळाले म्हणजे, या व्यक्तीची पाळेमुळे याच वस्तीत आहेत, तरी तिला जातमुचलक्यावर सोडण्यास हरकत नाही, अशी शिफारस न्यायाधीशाकडे जाई. खून व तत्सम गंभीर गुन्ह्यांचे आरोपी आरंभापासूनच वगळलेले होते.

एवढ्यावर हे काम थांबते तर ते एक चांगले सेवाकार्य ठरले असते, संशोधन नव्हे. खरे महत्त्व पुढच्या पायरीला आहे. शिफारशीस पात्र ठरलेल्या आरोपींचे कोणतीही निवड न करता, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गट पाडण्यात आले. एका गटाची शिफारस न्यायाधीशाकडे पाठविली गेली. दुसऱ्या गटातील आरोपीही तितकेच पात्र होते; परंतु त्यांच्याविषयीची शिफारस पाठविण्यात आली नाही आणि त्यांच्याबाबत न्यायालयाने नेहमीच्या पद्धतीने निर्णय दिला. या दुसऱ्या गटाला तुलनागट म्हणता येईल.

हे वाचताना मनाला थोडे टोचते. ज्याची सुटका होणे शक्य होते त्याचा कागद हेतुपुरस्सर बाजूला ठेवणे समाजकार्याच्या धर्मात बसते काय? हा आक्षेप खोटा नाही. तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक तर त्या वेळी शिफारशीचा काही उपयोग होतो की नाही हेच कोणास ठाऊक नव्हते. दुसरे असे की, तुलनागट नसता तर टीकाकारांना एवढेच म्हणणे पुरेसे होते की, ही माणसे न्यायाधीशांनी तशीही सोडलीच असती. जी गोष्ट आधीच निश्चित माहीत आहे तिच्यासाठी कोणालाही वंचित ठेवणे गैर. परंतु जी माहीत नाही ती माहीत आहे असे भासवून वर्षानुवर्षे काम रेटणे हेही त्याहून कमी गैर नाही.

पहिल्या काळातील निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिफारस झालेल्या शंभर आरोपींपैकी सुमारे साठ जण जातमुचलक्यावर सुटले; तुलनागटातील शंभरांपैकी सुमारे चौदा. दोन्ही गट पात्रतेने सारखे असल्यामुळे हा फरक पडताळलेल्या माहितीच्या एका कागदानेच घडविला, असे म्हणावे लागते. सुटलेल्यांपैकी तारीख जाणूनबुजून चुकविणारे शंभरांत दोघेही नव्हते. पैसा हीच हमी, हा समज तेथे टिकला नाही.

आणखी एक निष्कर्ष अनपेक्षित होता. शिफारशीच्या गटातील सुमारे ६० टक्के आरोपी पुढे निर्दोष ठरले किंवा त्यांच्यावरील खटले काढून टाकण्यात आले. तुलनागटात हेच प्रमाण सुमारे २३ टक्के होते. बाहेर असलेला मनुष्य वकिलास भेटतो, साक्षीदार आणतो, कामावर जात राहतो. आत असलेला मनुष्य लवकर सुटण्याच्या आशेने गुन्हा कबूलही करून टाकतो. आत बसून बचाव करणे अशक्यप्राय होते, हे विधान प्रारंभी केले त्याचा आधार येथे आहे. जामीन हा खटल्यापूर्वीचा एक किरकोळ टप्पा आहे असे समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

अमेरिकेत १९६४ साली या विषयावर राष्ट्रीय परिषद भरली आणि १९६६ साली संघराज्याचा जामीन सुधारणा कायदा झाला. एखाद्या छोट्या प्रयोगाचा कायद्यावर इतक्या लवकर परिणाम झाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

भारतीय न्यायालयांनी घेतलेली दखल

हा विषय भारतात कसा आला ते पाहण्याजोगे आहे. १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. आरोपी हा एक गरीब गवंडी होता. त्याच्याकडून दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे या कारणास्तव भावाचा जामीन नाकारण्यात आला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट अन्यायाची ठरविली. गरिबाला त्याच्या आवाक्याबाहेरची रक्कम सांगणे म्हणजे प्रत्यक्षात जामीन नाकारणेच होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

त्याच सुमारास राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य श्री. के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारमधील कारागृहांना भेटी दिल्या. श्री. रुस्तमजी हे नागपूरनजीकच्या कामठीचे. कारागृहांत त्यांना असे बंदी आढळले की, आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा होऊ शकली असती तिच्याहून अधिक काळ ते खटल्याविना आत होते. जानेवारी १९७९ मध्ये त्यांचे लेख ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या आधारे हुसैनारा खातून हे सुप्रसिद्ध प्रकरण उभे राहिले. येथेही आरंभ भावनेच्या आवाहनाने झालेला नाही. कोण केव्हापासून आत आहे, कोणत्या आरोपावरून आहे, या साध्या नोंदीने तो झाला आहे.

फेब्रुवारी १९७९ मधील आदेशात न्यायमूर्ती भगवती यांनी न्यूयॉर्कच्या प्रकल्पाचा नामनिर्देश केला आणि रकमेच्या जामिनाविना आरोपी हजर राहू शकतात या अनुभवाचा आधार घेतला. जातमुचलक्यावर सोडताना काय पाहावे, याचीही यादी त्यांनी दिली. वस्तीतील वास्तव्याचा काळ, नोकरीधंदा व आर्थिक स्थिती, कौटुंबिक संबंध, लौकिक, पूर्वीची गुन्हेविषयक नोंद, आरोपाचे स्वरूप हे त्यातील प्रमुख मुद्दे. त्यात एक मुद्दा असाही आहे की, या मनुष्याच्या विश्वासार्हतेची ग्वाही देणारे समाजातील जबाबदार लोक कोण आहेत. पंचायत सदस्य, शिक्षक यांचे स्थान नेमके येथे आहे. ज्या माहितीची न्यायालयाला गरज आहे ती माहिती जिल्ह्याच्या ठिकाणी नसते. ती गावात असते.

पुढे २००५ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली आणि जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याच्या आत जामीन देऊ न शकणारा आरोपी निर्धन आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे स्पष्टीकरण जोडले गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. कायदा पुरेसा स्पष्ट आहे. उणीव राहते ती माहितीची.

सदिच्छेचीही परीक्षा

यावरून असा ग्रह होऊ नये की, समाजकार्यकर्त्याने हस्तक्षेप केला म्हणजे परिणाम चांगलाच होतो. संशोधन काही वेळा कटू उत्तर देते, आणि ते ऐकण्याची तयारी नसेल तर संशोधनाच्या वाटेस जाऊच नये.

अमेरिकेतच बॉस्टन शहराला लागून असलेल्या केंब्रिज व सॉमरव्हिल या गावांमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या प्रेरणेने एक मोठा उपक्रम झाला. मुले गुन्हेगारीकडे वळू नयेत हा हेतू. ५०६ मुले निवडण्यात आली. वय, कुटुंब, स्वभाव इत्यादी बाबतींत शक्य तितक्या सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणेफेक करून प्रत्येक जोडीतील एकास उपक्रमात घेतले. अशी २५३ मुले एका बाजूस व २५३ दुसऱ्या बाजूस राहिली. १९३९ ते १९४५ या काळात कार्यकर्ते मुलांच्या घरी नियमित जात. अभ्यासात मदत, वैद्यकीय उपचार, कुटुंबाला सल्ला, उन्हाळी शिबिरे असे पुष्कळ काही त्यांनी केले. कोणत्याही जिल्ह्याला अभिमान वाटावा असाच तो उपक्रम होता.

तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने दोन्ही गटांतील पुरुषांचा शोध घेतला. त्यांचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. उपक्रमातील सुमारे दोन तृतीयांश पुरुषांनी, आपल्याला त्याचा फायदा झाला, असे सांगितले. प्रत्यक्ष नोंदी मात्र निराळेच सांगत होत्या. गुन्हेगारी कमी झालेली नव्हती. उलट पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्ती, गंभीर मानसिक आजार अशा काही बाबतींत मदत न मिळालेल्या गटाची स्थिती अधिक बरी होती. पुढील विश्लेषणात असे दिसले की, वारंवार उन्हाळी शिबिरांना पाठविलेल्या मुलांचे अधिक नुकसान झाले होते. उनाडकीकडे कल असलेल्या मुलांना एकत्र आणले की ती एकमेकांपासून काय शिकतात, हे अनुभवी शिक्षकांना सांगावयास नको.

या उदाहरणातून सामाजिक कार्यच निरुपयोगी आहे असा अर्थ काढणे चूक ठरेल. लाभार्थ्यांचे समाधान व कार्यकर्त्यांची निष्ठा हा परिणामाचा पुरावा नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडील अहवालांत इतक्या शिबिरांना इतकी उपस्थिती होती, असे आकडे असतात. ते खर्चाचे समर्थन करतात. शिबिरानंतर काय झाले, हे त्यांतून कळत नाही.

न्यूयॉर्कच्या प्रकल्पाचेही पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. १९६४ मध्ये हे काम शहराच्या परिवीक्षा कार्यालयाकडे सोपविण्यात आले आणि नित्याच्या कामांत त्याचा दर्जा उतरत गेला. १९७३ साली व्हेरा संस्थेला नव्याने यंत्रणा उभारावी लागली आणि १९७७ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. प्रश्नावली तीच असली तरी पडताळणी ढिली पडली की शिफारशीला वजन उरत नाही. शासकीय कार्यालयात काम करणाऱ्या कोणालाही हे पटवून देण्याची आवश्यकता नसावी.

त्याच शहरात अलीकडे झालेल्या एका अभ्यासाचा उल्लेख येथे उपयुक्त ठरेल. किरकोळ गुन्ह्यांत समन्स मिळालेले लोक तारखेला का येत नाहीत, हा त्याचा विषय. पळून जाण्याचा हेतू किती जणांचा असतो? अभ्यासकांनी समन्सचा कागद पुन्हा मांडला. तारीख, वेळ व ठिकाण अगदी वर ठळकपणे छापले. शिवाय काही जणांना तारखेपूर्वी भ्रमणध्वनीवर आठवणीचा संदेश पाठविला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नव्या कागदामुळे गैरहजेरी सुमारे १३ टक्क्यांनी आणि संदेशांमुळे सुमारे २१ टक्क्यांनी घटली. गैरहजर राहणाऱ्यांपैकी बरेच जण पळालेले नव्हते. ते विसरले होते किंवा त्यांना कागद नीट कळला नव्हता. ऊसतोडणीसाठी किंवा वीटभट्टीवर बाहेर गेलेल्या कुटुंबातील आरोपीची तारीख चुकली आणि त्याच्यावर वॉरंट निघाले, तर तो फरारी झाला असे लिहिण्यापूर्वी तारीख त्याच्यापर्यंत पोहोचली होती काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

या कार्याला लागणारी परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावे समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, तत्कालीन मुंबई प्रांताने गुन्हेगारांच्या परिवीक्षेचा कायदा केला. संपूर्ण देशासाठी असा कायदा १९५८ मध्ये झाला. दोषी ठरलेल्या व्यक्तीला शिक्षा देण्याऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडताना, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल असल्यास न्यायालयाने तो विचारात घ्यावा, असे हा कायदा सांगतो. एकवीस वर्षांखालील तरुणांना तुरुंगात पाठविण्याआधी तर असा अहवाल मागविणे अगत्याचे मानले आहे. म्हणजे आरोपीच्या घरी जाऊन चौकशी करण्याचे आणि ती न्यायालयाला समजेल अशा भाषेत लिहिण्याचे कौशल्य आपल्या यंत्रणेत आहे. जामिनाच्या टप्प्यावर त्याचा उपयोग करून घेणे, एवढेच राहिले आहे. टाटा संस्थेच्या ‘प्रयास’ या क्षेत्रीय प्रकल्पाने १९९० पासून मुंबईत कारागृहांतील व न्यायालयांतील समाजकार्याचा पाया घातला.

१९८३ मधील शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण माहिती कशी गोळा करावी याचा वस्तुपाठ आहे. मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री बंद्यांशी एका महिला पत्रकाराने मे १९८२ मध्ये संवाद साधला. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात जाऊन चौकशी करण्यास सांगितले, आणि मुलाखतीच्या वेळी अन्य कोणीही उपस्थित राहू नये असे स्पष्ट केले. ही एक अट सगळ्या पद्धतीचे सार सांगते. पहाऱ्यावरील शिपायासमोर दिलेले उत्तर ही माहिती नव्हे. स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा, अटकेची खबर विधी साहाय्य समितीला देणे यांसारखे निर्देश या चौकशीनंतरच्या निकालात आले.

३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आदेश आजच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. सचिवांनी परिवीक्षा अधिकारी किंवा विधी स्वयंसेवक यांच्या साहाय्याने बंद्याच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा अहवाल तयार करून घ्यावा. आणि अटी शिथिल करण्याच्या विनंतीसह तो न्यायालयापुढे ठेवावा, अशी ही व्यवस्था आहे. त्याच वर्षी केंद्र शासनाने निर्धन बंद्यांना साहाय्य करणारी योजनाही जाहीर केली. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोठडीत विद्यार्थी जो कागद भरीत होते, त्याच जातीचा कागद आता आपल्या जिल्ह्यात अधिकृतपणे अपेक्षित आहे.

अहवाल कसा असावा

असा अहवाल लिहिताना सर्वांत मोठा मोह विशेषणांचा असतो. ‘आरोपी गरीब व सुस्वभावी असून सहानुभूतीस पात्र आहे’ या वाक्याने न्यायाधीशाच्या ज्ञानात काहीच भर पडत नाही. ‘आरोपी याच गावात जन्मापासून राहतो; स्वतःचे दोन खणांचे घर; घरपट्टीची नोंद ग्रामपंचायतीत पाहिली; पत्नी व तीन मुले; थोरली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत, हजेरीपट पाहिला; चार वर्षांपासून एकाच मालकाकडे कामावर, मालकाशी समक्ष बोलणे झाले’ असे लिहिले तर प्रत्येक शब्द उपयोगी पडतो. माहिती कोणी दिली आणि ती कशावरून पडताळली, हे प्रत्येक विधानापुढे नोंदविणे जरुरीचे आहे. प्रतिकूल माहितीही वगळू नये. पूर्वी तारखेस गैरहजर राहिल्याची नोंद असेल तर ती लिहावी आणि त्याचे कारण शोधावे. एका अहवालात दडवादडवी उघडकीस आली की त्या अधिकाऱ्याचे पुढचे पन्नास अहवाल बाजूला पडतात.

गावातील व्यक्तींच्या दाखल्याविषयी मात्र सावधगिरी हवी. गावचे राजकारण दाखल्यातही उतरते. ज्याच्याशी बांधावरून वाद आहे त्याच्याविषयी प्रतिकूल, आणि आपल्या गटाच्या माणसाविषयी अनुकूल मत मिळणे अवघड नाही. म्हणून ‘हा मनुष्य कसा आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘हा येथे केव्हापासून राहतो, काय काम करतो, घरी कोण आहे’ असे विचारलेले बरे. शाळेचा हजेरीपट कोणत्याच गटाचा नसतो. त्यामुळे शिक्षकाचा शब्द येथे विशेष मोलाचा ठरतो.

याहून गंभीर प्रश्न गुणांच्या मोजपट्टीचाच आहे. न्यूयॉर्कमध्ये ज्याचा पत्ता स्थिर त्याला अधिक गुण, हे योग्य ठरले. तीच मोजपट्टी महाराष्ट्रात जशीच्या तशी लावली तर पारधी, वडार, कैकाडी अशा भटक्या-विमुक्त समाजांतील माणसांना आरंभीच शून्य मिळेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांना गुन्हेगार ठरविले आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभारल्या. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, परंतु संशयाची सवय एका तारखेला रद्द होत नाही. अशा माणसाला घर नाही म्हणून गुण नाहीत, आणि पूर्वी केवळ संशयावरून झालेल्या अटकांची नोंद आहे म्हणून पुन्हा गुण नाहीत; म्हणजे एकाच अन्यायाची दुप्पट वजावट होते. त्याची मुळे जमिनीत नसली तरी नात्यांत असतात, तांड्यात असतात. बाजाराच्या दिवशी तो नेमका कोठे सापडेल हे त्याच्या लोकांना बिनचूक माहीत असते. कोणत्या गोष्टीवरून मनुष्य तारखेला परत येतो हे न्यूयॉर्कचे आकडे पाहून नव्हे, तर आपल्या जिल्ह्यातील नोंदी पाहूनच ठरविता येईल.

अशा नोंदींसाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा परिवीक्षा कार्यालय यांच्याकडे एक साधी वही असावी. ज्याच्याविषयी अहवाल दिला त्याचा प्रकरण क्रमांक, अहवालातील पडताळलेले मुद्दे, न्यायालयाने ठरविलेली अट, सुटकेचा दिनांक, आणि त्यानंतरच्या प्रत्येक तारखेला तो हजर होता की नाही. गैरहजर असेल तर कारण. तारखेची आठवण त्याला कोणी व कशी दिली, यासाठीही एक रकाना राखावा. ज्यांचे अहवाल गेले नाहीत, परंतु जे त्याच महिन्यात जामिनावर सुटले, अशांच्या तारखाही त्याच वहीच्या मागील पानांवर नोंदवाव्यात. न्यायालयाच्या ई-सेवेवर त्या पाहता येतात. वर्षअखेर दोन्ही बाजूंची पाने समोर ठेवून बेरीज करण्यास एका कारकुनाचे दोन दिवस पुरतात.

हजेरीचा रकाना भरण्याचे काम मात्र सुटकेच्या दिवशी संपत नाही. ते खटल्याच्या अखेरच्या तारखेपर्यंत चालते, आणि बहुतेक वह्या नेमक्या तेथेच कोऱ्या राहतात.